इन्सुलिनची सुई जाते कुठे?

मी किहीमहून बोलतोय. घरात कुणी इन्सुलिन घेतं? मग वापरलेली सुई जाते कुठे? साध्या कचऱ्यात गेली, तर कचरा उचलणाऱ्या ताईंना टोचते. त्यातून हिपॅटायटिस बी, सी होऊ शकतो.

२०१६च्या घनकचरा नियमांनी सुया आणि मुदत संपलेली औषधं ‘घरगुती घातक कचरा’ ठरवली, म्हणजे वेगळीच ठेवायची. जाड प्लास्टिकचा डबा घ्या. सुई वापरली की थेट आत. पाऊण भरला की झाकणाला टेप, वर नाव: ‘सुया’.

उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या संडासात टाकू नका, शोषखड्ड्यातून त्या आपल्याच विहिरीकडे झिरपतात.

आणि येत्या ग्रामसभेत विचारा, ‘हा डबा गावात जमा कुठे करायचा?’ उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. भेटूया पुढच्या भागात!