मागचा तांबडा दिवा



दिवाळी सरली की ढोकीच्या रस्त्याला उसाच्या गाड्या लागतात. कुणाची बैलगाडी, कुणाची टायरगाडी, कुणाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. लातूर-बार्शीची वाहतूकही ह्याच रस्त्याने. तेरणा कारखाना मधली बरीच वर्षे बंद होता. पण तेव्हाही ऊस कुठे ना कुठे जातच होता, आणि रात्रीचाच जात होता.

आज आम्ही तुमच्याशी एका दिव्याबद्दल बोलणार आहोत. देवापुढच्या नव्हे, घरातल्याही नव्हे. ट्रॉलीच्या मागच्या तांबड्या दिव्याबद्दल. कुणी म्हणेल, ह्यात बोलायचे काय? बसा, सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातली रात्र होती. आम्ही दोघे भाऊ मोटारसायकलवरून मुरूडहून ढोकीकडे येत होतो. समोरून एक ट्रक आला. त्याच्या उजेडाने डोळे दिपले. ट्रक गेला, आणि पुढे नुसता काळोख. त्या काळोखात एकदम काहीतरी हलल्यासारखे दिसले. पाहतो तो उसाच्या मोळ्या, हातभरावर! धाकट्याने गाडी बाजूला घातली. दोघेही चारीत पडलो. कोपरे सोलली, गुडघा फुटला, पण जीव वाचला. ट्रॅक्टरवाल्याला ह्यातले काहीच कळले नाही. तो आपला गाणी ऐकत पुढे चालला होता.

आम्ही उठलो, गाडी उचलली, आणि त्याला गाठले. म्हणालो, "दादा, मागं दिवा का नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "दिवा हाय की. पण लागत न्हाई. आन् मला कुटं मागं बगायचंय?"

आम्हाला फार राग आला. घरी येईपर्यंत त्याला बोल लावत आलो. मग धाकट्याने बॅटरी घेतली आणि आमची स्वतःची ट्रॉली मागून पाहिली. ट्रॉली वडिलांच्या काळातली. डाव्या दिव्याची काच गेलेली. उजव्याची काच होती, पण आत बल्बच नव्हता. बल्बाच्या जागी कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते! म्हणजे ते घर बांधून होईपर्यंत आमच्यापैकी कुणीही तिथे पाहिले नव्हते. पुढचा दिवा मात्र गेला की आम्ही त्याच दिवशी बदलत होतो. पुढचा दिवा नसला तर आपल्याला दिसत नाही. मागचा नसला तर आपण दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून तो तसाच राहतो.

आता थोडा हिशेब करू. मोटारसायकल तासाला ६० किलोमीटरने चालली, तर ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात १७ ते २५ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला आणखी २० मीटर तरी लागतात. म्हणजे ३७ ते ४५ मीटर झाले. मोटारसायकलचा खाली केलेला उजेड पुष्कळदा तेवढ्यापर्यंतही पोचत नाही. पण तांबडा दिवा लागलेला असला तर तो दोन-तीनशे मीटरांवरूनही दिसतो. वेग कमी करायला भरपूर वेळ मिळतो.

तर आम्ही ट्रॉलीचे दिवे बदलायला घेतले. आम्ही काही मोठे मिस्त्री नव्हे. बाजारातून दोन दिवे आणले, बल्ब आणले, जुन्या तारांना जोडले. लागले! चार दिवसांनी बंद. पुन्हा बल्ब बदलले. पुन्हा बंद. मग एक गंमत पाहिली. ब्रेक दाबला की दिवा जास्त लागायचा सोडून मंद व्हायचा. आम्ही चक्रावलो.

ह्याचे उत्तर आम्हाला कोकणातून मिळाले. आमच्या एका मित्राची मासेमारीची होडी रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरात असते. होडी जुनी, इंजिनाची. त्यानेही त्याच सुमारास होडीचे दिवे बदलले होते. समुद्रावर ना रस्ता, ना डावी-उजवी कड. म्हणून तिथे दिव्यांनीच सगळे ओळखायचे. होडीच्या डाव्या बाजूला तांबडा दिवा, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. मोठ्या बोटीला पुढे डोलकाठीवर आणखी पांढरा. जगातल्या सगळ्या देशांच्या बोटींना हाच नियम. तो सन १९७२ मध्ये ठरला आणि १९७७ पासून लागू झाला. रात्री समोर तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर बोट सरळ आपल्यावर येते आहे. आपल्या उजव्या हाताला नुसता तांबडा दिसला, तर ती आपल्यापुढून आडवी चालली आहे. तिला वाट आपण द्यायची. दिवा पाहून समोरच्याचे तोंड कुठे आहे ते कळते. आहे की नाही शहाणपणाची गोष्ट?

आम्ही त्याला फोनवर आमचे रडगाणे सांगितले. तो हसला. म्हणाला, "तुमचा बल्ब चांगला आहे. तुमची परतीची वाट बंद आहे."

बॅटरीतून वीज तारेने दिव्यात जाते. पण तिला परत बॅटरीकडे यावे लागते. वाट पुरी झाली तरच दिवा लागतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीत ही परतीची तार वाचवतात. दिव्यातून वीज ट्रॉलीच्या लोखंडात सोडतात. तिथून ती हुकातून ट्रॅक्टरच्या लोखंडात आणि मग बॅटरीत येते. मिस्त्री लोक ह्याला 'अर्थ' म्हणतात. ट्रॉली नवी असते तेव्हा हे चालते. जुनी झाली की दिव्याच्या बोल्टाखाली गंज चढतो. हुकाला वंगण आणि माती लागते. परतीची वाट अडते. मग वीज दुसऱ्या बल्बातून वाट काढते, आणि ब्रेक दाबला की उलटेच होते.

होडी लाकडाची किंवा फायबरची असते. तिच्या अंगातून वीज जाऊच शकत नाही. म्हणून होडीत प्रत्येक दिव्याला दोन तारा असतात, एक जायची आणि एक यायची. आम्ही तेच केले. दिव्यापासून सॉकेटपर्यंत आणि सॉकेटपासून बॅटरीपर्यंत परतीची वेगळी तार टाकली. एकूण पाच तारा झाल्या. एक मागच्या दिव्याची, एक ब्रेकची, एक डाव्या इशाऱ्याची, एक उजव्या इशाऱ्याची आणि पाचवी परतीची. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावली नाही. सांधे डाग देऊन पक्के केले. तारा रबरी नळीतून नेल्या, म्हणजे उंदीर आणि ऊस दोघांपासून वाचल्या. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. तेव्हापासून ते दिवे चालू आहेत.

तुमच्या ट्रॉलीचा दिवा बंद असेल, तर बल्ब फेकण्याआधी एवढे करा. तारेचा एक लांब तुकडा घ्या. त्याचे एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीला लावा. दुसरे टोक दिव्याच्या लोखंडी बैठकीला टेकवा. दिवा लागला तर दोष परतीच्या वाटेत आहे. बल्बाचे पैसे वाचले. फक्त ते टोक अधिक खुंटीला लावू नका, ठिणगी उडेल.

मित्राने आणखी एक चूक सांगितली, ती त्याची स्वतःची. त्याने जुन्या दिव्याच्या रंगीत काचेआड एलईडीचा पांढरा बल्ब बसवला. वीज कमी लागली, पण रात्री तांबडा दिवा फिका पडला आणि हिरवा निळसर दिसू लागला. समुद्रावर रंग चुकला म्हणजे निरोपच चुकला. शेवटी त्याला एलईडीचे पुरे दिवेच आणावे लागले. ट्रॉलीचेही तसेच. एलईडी लावायचे तर आतूनच तांबडे असलेले पुरे दिवे आणा. आणि इशाऱ्याचे दिवे एलईडीचे केले की ते भराभर उघडझाप करू लागतात. तेव्हा घाबरू नका. त्यांना चालणारा फ्लॅशर दुकानात वेगळा मिळतो.

दिवा लागला म्हणजे झाले असे नाही. मोळ्यांची टोके मागे लोंबतात आणि दिवा झाकून टाकतात. म्हणून गाडी भरल्यावर मागे जाऊन पाहावे. दोन ट्रॉल्या असतील तर दिवे शेवटच्या ट्रॉलीला हवेत. रेल्वेच्या शेवटच्या डब्याला मागे तांबडा दिवा असतो. तो पाहूनच स्टेशनवाल्यांना कळते की गाडी पुरी आली, मध्ये तुटून डबे मागे राहिले नाहीत.

सन १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापासून सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लागलेले असले पाहिजेत. शिवाय चमकणारी पट्टी: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी. आपण तिला रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियम धातू मुळीच नसतो. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा बारीक लोलक असतात, ते पडलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून ती पट्टी धुळीने माखली की मेली. फडक्याने पुसायला पैसे पडत नाहीत.

बैलगाडीला बॅटरी नाही. पूर्वी गाडीच्या खाली कंदील टांगत. गाडीवान झोपला तरी कंदील जागा असे. आता गाडीच्या मागच्या फळीला आणि बैलांच्या जुवाला रेडियम पट्टी लावावी. बीडकडून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या गाड्यांवर लहान लेकरेसुद्धा झोपलेली असतात. ती गाडी कुणाची का असेना, फडात भेटली तर पट्टी आपण लावून द्यावी.

आणि ते दगड! ट्रॉलीचा टायर फुटला की मागे दगड मांडतात. टायर बदलून ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. अंधारात दगड दिसत नाही, मोटारसायकल त्यावर चढते. दगड मांडणाऱ्यानेच ते उचलायचे.

आमच्याकडे आता हंगामात रोज सांजेला थोरला पुतण्या ट्रॉलीच्या मागे पन्नास पावले जाऊन उभा राहतो. आम्ही ट्रॅक्टरवरून एकेक दिवा लावतो. तो ओरडतो, "डावा लागला! उजवा लागला! ब्रेक लागला!" तो ओरडल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही. मागल्या हंगामात एकदा तो ओरडला, "काका, एक बी लागंना!" उतरून पाहिले तर सॉकेटात पाचट अडकले होते.