राज्यांच्या सीमा आणि गर्भपाताचा कायदा

शाहदऱ्याहून गाझियाबादकडे जाणाऱ्या प्रवाशाला दिल्लीची हद्द नेमकी कोठे संपली, हे क्वचितच ध्यानात येते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या तीन राज्यांचे जिल्हे मोडतात. माणसे एका राज्यात राहतात, दुसऱ्यात कामाला जातात आणि प्रसंगी तिसऱ्यात उपचार घेतात. अशा प्रदेशात गर्भपाताचा कायदा राज्यागणिक निराळा असता तर काय घडले असते, हा प्रश्न केवळ तर्काचा नाही.

अमेरिकेत तो अनुभवाचा विषय झाला आहे. १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला देशभर घटनात्मक संरक्षण दिले होते. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने ते काढून घेतले आणि निर्णय घटक राज्यांवर सोपवला. त्याच दिवशी मिसूरी राज्यात बंदी अमलात आली. मिसिसिपी नदीपलीकडील इलिनॉयमध्ये मात्र गर्भपात कायदेशीरच राहिला. सेंट लुइसचे महानगर या नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. भाड्याचे पैसे, कामावरून रजा आणि सोबतीला माणूस ज्या स्त्रीजवळ होते, तिला नदी ओलांडता येत होती. बंदीचा खरा भार गरीब स्त्रीवर पडला. राजकारणावरही परिणाम झाला. हा हक्क निवडणुकीतील मतांवर अवलंबून राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसूरीच्या मतदारांनीच राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून गर्भपाताच्या हक्काला पुन्हा स्थान दिले.

भारताने वेगळा मार्ग धरला. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. १९६४ मध्ये नेमलेल्या शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर संसदेने १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा अधिनियम संमत केला. प्रारंभी जम्मू-काश्मीर वगळून उर्वरित देशाला लागू असलेला हा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. एकच कायदा असल्याचे महत्त्व २०२२ मध्ये दिल्लीतूनच दिसून आले. दिल्लीत राहणाऱ्या पंचवीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली आणि २९ सप्टेंबर रोजी, वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबत विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही, असे ठरवले. दिल्लीत उद्भवलेल्या या दाव्याचा लाभ गुरुग्राम, नोएडा आणि गडचिरोलीतील स्त्रीलाही सारखाच मिळाला.

राज्यांना या क्षेत्रात काही स्थानच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. गर्भजल परीक्षेद्वारे होणाऱ्या लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. राज्य हे वाट दाखवू शकते, याचा तो पुरावा आहे. परंतु त्या कायद्याची सत्ता राज्याच्या हद्दीपाशी संपत होती. म्हणूनच १९९४ मध्ये संसदेला देशव्यापी कायदा करावा लागला.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास निर्णय देणारी वैद्यकीय मंडळेही राज्य सरकारांनीच नेमावयाची आहेत. कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. तरीही डॉक्टर कुटुंबीयांची संमती व नाना कागदपत्रे मागतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने त्याच निर्णयात घेतली. जेथे मान्यताप्राप्त केंद्र दूर आहे आणि डॉक्टर नाही, तेथे नकाशावर नसलेली एक सीमा स्त्रीच्या वाटेत उभी राहते.

तात्पर्य, एक कायदा ही समानतेची पहिली अट आहे, शेवटची नव्हे. राज्यांनी परस्परांशी स्पर्धा करावयाची ती हक्क किती द्यावा याविषयी नसून, दिलेला हक्क शेवटच्या गावापर्यंत कोण आधी पोहोचवतो याविषयी असावी. स्त्रीचा पत्ता कोणत्या राज्यातला आहे, यावर तिचा जीव अवलंबून राहता कामा नये.