नव्या चंद्राचे साक्षीदार

(रोश होदेशच्या संध्याकाळी सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



आजच्या विषयासाठी खगोलशास्त्राचा एखादा प्राध्यापक बोलावता आला असता. समितीने मात्र एका निवृत्त परिचारिकेला उभे केले आहे. माझी पात्रता एवढीच, की ज्या शास्त्राविषयी मी बोलणार आहे त्याचा आरंभ दुर्बिणीने झाला नाही, नोंदवहीने झाला. आणि नोंदवहीशी आमचा जन्मभराचा संबंध. मुंबईत आमचे प्रशिक्षण चालू असताना आम्हांला पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आले होते, की जे स्वतः पाहिले तेच तक्त्यावर लिहावे, आणि पाहिले त्याच वेळी लिहावे.

बाबेलचे लोक हेच करीत. इ.स.पू. सातव्या शतकापासून पहिल्या शतकापर्यंतच्या त्यांच्या आकाशाच्या रोजनिशा मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या सापडल्या आहेत. चंद्र किती वाजता मावळला, शुक्र कोणत्या ताऱ्याजवळ होता, ग्रहण लागले की ढगांनी झाकले, आणि त्याच ओळीत नदीचे पाणी किती चढले व बाजारात जव काय भावाने विकला गेला. पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले. पाट्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या नोंदीचा पुढे काय उपयोग होईल हे पाहायला मिळाले नसणार.

उपयोग काय झाला, हे आपल्या घरातच आहे. निसान, तिश्री, अदार ही आपल्या महिन्यांची नावे बाबेलची आहेत. यरुशलेमी तल्मूदच स्पष्ट सांगतो, की ही नावे निर्वासित लोक परतताना बाबेलहून घेऊन आले. आणि नावांपेक्षाही मोठी वस्तू आपण तिथून आणली, ती म्हणजे एक संख्या.

ती संख्या समजण्यासाठी चंद्राची चाल थोडी पाहावी लागेल. चंद्र पृथ्वीभोवतीची आपली फेरी 27 दिवस 7 तास 43 मिनिटांत पुरी करतो. मग महिना 27 दिवसांचा का नाही? भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. मोठा काटा एका तासात पुन्हा बारावर येतो, परंतु लहान काटा तोवर एकवर सरकलेला असतो. त्याला गाठण्यासाठी मोठ्या काट्याला आणखी पाच मिनिटांहून थोडे अधिक चालावे लागते. तसेच इथे. चंद्राची फेरी पुरी होईपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती सुमारे 27 अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्याला पुन्हा गाठायला चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. अशा रीतीने अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा काळ साधारण साडेएकोणतीस दिवसांचा होतो. तोही प्रत्येक वेळी सारखा नसतो. चंद्राची वाट लंबवर्तुळाची, पृथ्वीचीही तशीच. त्यामुळे कधी 29 दिवस साडेसहा तास, तर कधी 29 दिवस 20 तास.

अशा चंचल पाहुण्याची सरासरी कशी काढायची? घड्याळे नव्हती, मिनिटे नव्हती. नाडी मोजताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी परिचारिका आणि पूर्ण मिनिट मोजणारी परिचारिका यांत फरक काय? पहिलीची एका ठोक्याची चूक चौपट होते. प्राचीन ज्योतिर्विदांनी मिनिट नव्हे, शतके मोजली. शेकडो वर्षांच्या अंतराने घडलेली दोन ग्रहणे घ्यायची, मधले दिवस मोजायचे, मधले महिने मोजायचे आणि भागाकार करायचा. ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस याच्या गणितात 1,26,007 दिवस आणि एक तास एवढ्या काळात 4,267 महिने होतात, असे टॉलेमी लिहितो. ग्रहणाच्या वेळेत अर्ध्या तासाची चूक झाली, तरी ती चार हजार महिन्यांत वाटली जाते आणि एका महिन्याच्या वाट्याला अर्धा सेकंदसुद्धा येत नाही.

आता आपला मोलाद. सिनेगॉगमध्ये नव्या महिन्याची घोषणा होते तेव्हा तास, मिनिटे आणि हलाकीम सांगितले जातात. एका तासाचे 1,080 हलाकीम, म्हणजे एक हेलेक साडेतीन सेकंदांहून किंचित कमी. दोन मोलादांमधील अंतर 29 दिवस, 12 तास आणि 793 हलाकीम. म्हणजे 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटे आणि सव्वातीन सेकंदांच्या आसपास. बाबेलच्या पाट्यांवरील, टॉलेमीच्या ग्रंथातील आणि आपल्या पंचांगातील ही संख्या एकच आहे. आजच्या उपकरणांनी काढलेल्या सरासरीशी तिचा फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे.

परक्यांची विद्या आपण कशी घेतली, असे कोणी विचारील. रंबाम यांनी मिश्ने तोरातील चंद्रदर्शनाच्या प्रकरणात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. 1178 हे वर्ष आधार धरून त्यांनी नवा चंद्र दिसेल की नाही याचे गणित मांडले आणि ते ग्रीकांच्या ग्रंथांतून आले आहे हे लपविले नाही. ज्या गोष्टीची सिद्धता निर्दोष आहे ती कोणी सांगितली, संदेष्ट्याने की परक्याने, याची चौकशी करण्याचे कारण नाही, असा त्यांचा आशय. त्यांच्याही आधी, रात्री सूर्य कोठे जातो यावर आपल्या ज्ञानी लोकांचे एक मत होते आणि इतर राष्ट्रांच्या ज्ञानी लोकांचे दुसरे. इतरांचे म्हणणे असे, की सूर्य रात्री पृथ्वीच्या खालून जातो. राब्बी यहूदा हन्नासी म्हणाले, की त्यांचे म्हणणे आपल्यापेक्षा बरे दिसते. पुरावा म्हणून त्यांनी जे दिले ते मला फार आवडते: झऱ्यांचे पाणी दिवसा थंड असते आणि रात्री ऊन. पुरावा आज टिकणार नाही, परंतु पुराव्यापुढे मान तुकविण्याची वृत्ती टिकली आहे.

मात्र हा सगळा हिशोब पाठीशी असताना यरुशलेमेत महिना ठरत असे तो हिशोबाने नव्हे, साक्षीने. मिश्नेतील रोश हशानाचा भाग वाचताना मला तर रुग्णाची हकीकत विचारणारा अनुभवी डॉक्टरच समोर दिसतो. चंद्र पाहिलेले लोक बेत याझेक नावाच्या मोठ्या अंगणात जमत. त्यांच्यासाठी तिथे भरपूर जेवण ठेवलेले असे, पुन्हा यावेत म्हणून. साक्षीदारांना वेगवेगळे आत बोलावीत. चंद्र सूर्याच्या पुढे होता की मागे? उत्तरेला की दक्षिणेला? किती उंच होता? कोणत्या बाजूला झुकला होता? किती रुंद होता? जो म्हणे की कोरीचा पोकळ भाग सूर्याकडे होता, त्याला घरी पाठवीत, कारण चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडेच असते. राब्बान गमलिएल यांच्या माडीच्या भिंतीवर चंद्राच्या आकारांची चित्रे होती. साध्या माणसांना ती दाखवून ते विचारीत, असा दिसला की असा?

याच गमलिएल यांच्या काळात तो प्रसिद्ध प्रसंग घडला. दोन साक्षीदारांनी सांगितले, की चंद्र ठरल्या वेळी पाहिला. परंतु दुसऱ्या रात्री तो कोणाला दिसला नाही. गमलिएल यांनी साक्ष मानली. राब्बी दोसा म्हणाले की हे खोटे साक्षीदार आहेत, आणि राब्बी यहोशुआ यांना दोसांचे म्हणणे पटले. तेव्हा गमलिएल यांनी यहोशुआंना आज्ञा केली, की तुमच्या हिशोबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतो त्या दिवशी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे या. यहोशुआ गेले. गमलिएल उठून उभे राहिले आणि त्यांनी यहोशुआंच्या मस्तकाचे चुंबन घेतले.

मी हा प्रसंग अनेकदा ऐकला आहे, आणि दर वेळी त्याचा उपदेश आज्ञापालनाचा म्हणून सांगितला जातो. माझे लक्ष दुसरीकडे जाते. दोसांचे निरीक्षण खोटे होते असे कोणी म्हटले नाही. आकाशाचे सत्य एक आणि सर्वांनी एकाच दिवशी उपवास करणे ही दुसरी गोष्ट, हे त्या वृद्धांना पूर्ण ठाऊक होते, आणि दोन्हींची किंमत त्यांना कळत होती.

साक्षीदारांनंतर डोंगरांवर होळ्या पेटवून दूरच्या लोकांना कळवीत. शोमरोनी लोकांनी खोट्या होळ्या पेटविल्या, तेव्हा दूत पाठवू लागले. दूत जिथे वेळेवर पोहोचत नसत तिथे सण दोन दिवस पाळू लागले. पुढे, परंपरेनुसार 359 च्या सुमारास, दुसऱ्या हिल्लेल यांनी हिशोब सर्वांना खुला केला आणि साक्षीदारांचे अंगण ओस पडले.

आता आपल्या पूर्वजांकडे या. कोकणात ना दूत पोहोचला, ना होळी दिसली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेलेला आपला इतिहास ज्यांच्या घरी असेल त्यांनी त्यातली सणांची नावे पुन्हा वाचावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. या देशात आल्यावर आपल्या वडिलांना विचारले गेले, की तुमच्याकडे ग्रंथ नव्हते, तर सण कसे कळत? प्रश्न ज्या सुरात विचारला गेला तो मी विसरले नाही. उत्तर मात्र साधे आहे. महाराष्ट्राचे पंचांग अमावास्येला महिना संपविते, आपलेही महिने नव्या चंद्राबरोबर सुरू होतात. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, ऋतूंचे वर्ष 365 दिवसांहून थोडे अधिक; ही अकरा दिवसांची तूट दोघेही अधिक महिना घालून भरून काढतात. मुसलमान बांधव ती भरीत नाहीत, म्हणून त्यांचा रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. अलिबागेच्या बाजूला राहणाऱ्या तेल्याला आपला सण ओळखण्यासाठी डोक्यावरचा चंद्र आणि शेजाऱ्याचा महिना एवढे पुरेसे होते.

फक्त दोघांचा अधिक महिना घालण्याचा नियम वेगळा आहे. आपला ठरलेला: एकोणीस वर्षांच्या चक्रात तिसरे, सहावे, आठवे, अकरावे, चौदावे, सतरावे आणि एकोणिसावे वर्ष, आणि जादा महिना नेहमी अदार. हिंदूंचा आकाश पाहून: ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलीत नाही तो अधिक. 2023 मध्ये काय झाले पाहा. मार्चमध्ये पुरीम आणि होळी बरोबर आल्या. मग तिकडे अधिक श्रावण पडला. रोश हशाना 16 सप्टेंबरला आला आणि घटस्थापना 15 ऑक्टोबरला. एक महिन्याची दरी. 2024 मध्ये आपण दुसरा अदार घातला आणि 24 मार्चचा पुरीम पुन्हा होळीला भेटला. त्या वर्षी रोश हशाना आणि घटस्थापना एकाच दिवशी होती, 3 ऑक्टोबरला.

परंतु 2024 नेच एक अडचणही दाखविली, आणि ती आपण झाकून ठेवू नये. पेसाह वसंतात यावा ही तोराची आज्ञा. 20 मार्चला वसंतसंपात झाला, दिवस आणि रात्र समान झाली. त्यानंतरची पहिली पौर्णिमा पुरीमची होती! पेसाह आला 23 एप्रिलला, तेहतीस दिवस उलटून गेल्यावर. 2016 मध्येही असेच घडले होते. कारण असे, की 19 वर्षांत 235 महिने हे गणित फार चांगले असले तरी पूर्ण नाही. आपले सरासरी वर्ष खऱ्या ऋतुवर्षापेक्षा 6 मिनिटे 40 सेकंदांनी मोठे आहे. एका चक्रात दोन तास, सुमारे 216 वर्षांत एक दिवस. हिल्लेलांपासून आजपर्यंत सरासरीने एक आठवड्याहून अधिक आपण घसरलो आहोत. महिना जवळजवळ अचूक, वर्ष मात्र सैल.

आपले शेजारी यात वेगळे नाहीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे 26,000 वर्षांत एक वेढा घेतो, आणि त्याचा परिणाम हिप्पार्कसच्याच लक्षात आला होता. ताऱ्यांना धरून चालणाऱ्या पंचांगाची मकरसंक्रांत त्यामुळे 14 जानेवारीपर्यंत सरकली आहे, प्रत्यक्षात सूर्य डिसेंबरच्या 21-22 तारखेलाच उत्तरेकडे वळतो.

घसरण दुरुस्त करण्याचा अधिकार सान्हेद्रिनचा, आणि सान्हेद्रिन आज नाही. म्हणून कोणी हात लावीत नाही. मला हे गैर वाटत नाही. उद्या अश्दोदने एक पेसाह धरला आणि लंडनने दुसरा, तर साडेसहा मिनिटांच्या बदल्यात आपण फार मोठी किंमत देऊ. तरीही आणखी काही हजार वर्षांनी पेसाह उन्हाळ्यात येऊ लागेल, तेव्हा कोणाला तरी काठी आणि पिशवी घेऊन निघावेच लागेल. आणि त्या वेळी आकाशाची नोंद ठेवणारी माणसे समाजात असावी लागतील.

मुलांसाठी एक काम देते. उद्या किंवा परवा सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने गच्चीवर जा, पश्चिमेला समुद्राच्या बाजूला पाहा आणि कोर कशी झुकली आहे ते वहीत काढा, तारीख आणि वेळ घालून. मग तुमच्या आजीला विचारा, की रेवदंड्याला ती अशीच दिसे का. कोकण विषुववृत्ताला अधिक जवळ आहे, म्हणून तिथली कोर पुष्कळदा पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी आडवी दिसते. इथे ती जरा उभी राहते. राब्बान गमलिएल यांना कोकणातले साक्षीदार तपासायचे असते, तर माडीच्या भिंतीवर चित्रे वेगळी काढावी लागली असती.