आमचे मास्तर
(धर्मग्रामाच्या हीरकमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी येथे सेवा करून गेलेल्या सर्व धर्मगुरूंचा नामनिर्देश झाला, त्यांच्या तसबिरींना हार घालण्यात आले, आणि ते सर्वथा उचितच झाले. परंतु ज्यांची तसबीर या भिंतीवर नाही अशा एका गृहस्थांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी मागतो. त्यांचे नाव मी उच्चारणार नाही. ते मंदिरात वा छापील पुस्तकात येऊ नये, असे वचन त्यांनी मृत्यूपूर्वी मजकडून घेतले आहे. नावाची गरजही नाही. 'मास्तर' एवढे म्हटले की या गावातील हिंदू, मुसलमान, बौद्ध वा ख्रिस्ती, कोणाच्याही डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते.

आपल्या वऱ्हाडातील ख्रिस्तसभेचा इतिहास आपण जाणताच. सॅव्हॉय प्रांतातून निघालेले संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणम येथे उतरले. पुढे १८८७ साली नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला, आणि १९५५ साली त्यातून आपला अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. इतिहासात या तारखा लिहिल्या जातात. परंतु एकेका धर्मगुरूकडे पुष्कळ गावे असत. तो घोड्यावरून वा सायकलवरून येई, मिस्साबली अर्पण करी आणि पुढच्या गावी जाई. मधल्या दिवसांत मुलांना क्रुसाची खूण कोणी शिकविली? मरणोन्मुखाच्या उशाशी रोझरी कोणी म्हटली? मास्तरांनी, आणि मास्तरांसारख्यांनी.

ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पगार शाळेच्या कामाचा; मंदिराच्या कामाचा त्यांनी कधी एक पैसाही घेतला नाही. पहाटे मंदिर झाडावे, घंटा वाजवावी, दिवसभर शाळेत बाराखडी व पाढे शिकवावेत आणि सायंकाळी आसपासच्या वस्त्यांत धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यावेत, हा त्यांचा नित्यक्रम. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात सायकल म्हणजे काय आपत्ती, हे येथील कास्तकारांस सांगावयास नको. चिखल चाकात असा गच्च बसतो की चाक फिरेनासे होते. अशा वेळी मास्तर सायकल खांद्यावर घेत आणि पऱ्हाटीच्या धुऱ्याधुऱ्याने चालत. गाडगेबाबांच्या या मुलखात हाती खराटा घेण्याची लाज कशाची, असे ते हसून म्हणत.

बालपणी ते मिस्साची उत्तरे लॅटिन भाषेत पाठ म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, तेव्हा जुन्या माणसांच्या मनाची जी चलबिचल झाली तिचे समाधान त्यांनी घरोघरी जाऊन केले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या मजुरांची मुले शाळेस मुकली, तेव्हा त्यांनी कामाच्या जागीच बाभळीखाली पाटी-पेन्सिलीचा वर्ग भरविला. सुकडी वाटण्याच्या रांगेत ही मुले कोणत्या जातीची वा धर्माची, हे त्यांनी कधी विचारिले नाही.

आता एक गोष्ट सांगतो. तीत दोष माझा आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी येथे सहायक धर्मगुरू म्हणून आलो. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला, विद्येचा थोडा ताठा असलेला. गायनवृंदात तरुणांना वाव हवा, नवी वाद्ये हवीत, असे मला वाटले. ते वाटणे चुकीचे नव्हते. चुकीची होती माझी रीत. मी मास्तरांना चार मुलांसमोर म्हणालो, "आता आपण विश्रांती घ्यावी." त्यांनी पेटीची किल्ली माझ्या हाती ठेविली, नमस्कार केला आणि पुढील रविवारी ते अगदी शेवटच्या बाकावर, दाराशी जाऊन बसले. वर्षभर ते तेथेच बसून लहान मुलांना गीतांच्या पुस्तकाची पाने उलटून देत राहिले.

पुढे ते तरुण नोकरीसाठी पुण्यास गेले. नवी वाद्ये धूळ खात पडली. नाताळ जवळ आला आणि गावयास कोणी नाही. तेव्हा मी मान खाली घालून त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि म्हणालो, "मास्तर, जुनी पेटी तरी वाजेल काय?" ते म्हणाले, "फादर, पेटी बंद राह्यली त भाता उंदरं खातात. म्हनून रोज संध्याकाई थोडी वाजून ठेवली." शिपायाकडून किल्ली मागून घेऊन, मंदिरात कोणी नसताना, ज्या कामावरून त्यांना दूर केले होते तेच काम त्यांनी वर्षभर केले होते. धर्मगुरूची नम्रता कशी असावी यावर मी पुष्कळ ग्रंथ वाचिले होते. तो धडा मला त्या दिवशी कळला.

या पुस्तिकेसाठी मी जुन्या नोंदवह्या चाळल्या. धर्मगुरूंच्या सह्या बदलत जातात. परंतु स्नानसंस्काराच्या वहीत धर्मपित्याच्या रकान्यात, विवाहाच्या वहीत साक्षीदाराच्या रकान्यात, एकच सही चाळीस वर्षे पुन्हापुन्हा येते. ज्याला कोणी उभे राहावयास नव्हते, त्याच्यामागे मास्तर उभे राहिले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, पापुआ न्यू गिनीत, पीटर तो रोट नावाचे एक गृहस्थ धर्मशिक्षक होते. महायुद्धात जपानी सैन्याने मिशनरींना बंदिवासात टाकिले, तेव्हा त्यांनी लोकांची प्रार्थना चालू ठेविली आणि १९४५ साली त्यासाठी प्राण दिला. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यापूर्वी, २०२१ साली, पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेस अधिकृत सेवापदाचा मान दिला. आमच्या मास्तरांस ना हौतात्म्य लाभले, ना पद. परंतु संत आंद्रियाने आपल्या भावाला, पेत्राला, प्रभूकडे आणिले आणि मग स्वतः मागे उभा राहिला. त्या पंक्तीतले ते होते, एवढे मी निःशंक सांगतो.

बंधुभगिनींनो, या पुस्तिकेचे शेवटचे पान मुद्दाम कोरे ठेविले आहे. मुद्रकाची ती चूक समजू नये. आज घरी गेल्यावर, ज्याने वा जिने तुम्हांला प्रथम क्रुसाची खूण करावयास शिकविले, त्यांचे नाव त्या पानावर स्वहस्ते लिहा. ती व्यक्ती हयात असेल तर रात्र होण्यापूर्वी तिला भेटून या. मी बराच उशीर केला होता. मास्तरांनी मला सांभाळून घेतले. प्रत्येकाला तशी संधी मिळतेच असे नाही.

प्रभू त्यांस चिरशांती देवो.