झाकलेले मत



माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण द्वारसभांतून झाले. तिथे नापास होऊन शिकलेला एक धडा आज सांगतो.

२००४ साली एका कारखान्यातला संप पाचव्या आठवड्यात गेला होता. मालकांचा देकार आला. तो घ्यावा, असे मला मनातून वाटत होते. पण सभा तापलेली होती. मी मत गिळले आणि ‘माघार नाही’ असे भाषण ठोकले. सगळे हात वर झाले. मला वाटले, खरे मत खिशातल्या नाण्यासारखे जपून राहील, वेळ येताच काढू. पण आठवड्याभरात तो देकार मलाही खरोखरच कवडीमोल वाटू लागला! शेवटी त्याहून कमी पगारवाढीवर संप मिटला. नंतर एक कामगार म्हणाला, “दादा, माझ्याही मनात घ्यावा असेच होते. पण तुम्ही बोललात, मग हात वर केला.”

असे का होते? अमेरिकेत फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणे काम दिले आणि ‘काम मजेचे आहे’ असे पुढच्या माणसाला सांगायला लावले. त्यासाठी कुणाला १ डॉलर दिला, कुणाला २०. पुढे विचारले, तर १ डॉलरवाल्यांनाच काम जास्त आवडल्याचे दिसले. २० डॉलरवाल्यापाशी खोटे बोलण्याचे कारण होते; १ डॉलरवाल्याने मतच बदलून घेतले. मला तर टाळ्याच मिळाल्या होत्या, मित्रहो!

सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगांत माणसे चारचौघांच्या देखत रेघांची लांबीसुद्धा इतरांच्या चुकीप्रमाणे सांगत. उत्तर गुपचूप लिहू दिले, की ही री ओढणे पुष्कळ कमी होई.

म्हणजे झाकलेले मत दोन घरे बुडवते. आपला विवेक आतून कुजतो. आणि आपले मौन शेजाऱ्याच्या हिशेबात होकार म्हणून जमा होते. तोही गप्प बसतो. मग कुणालाच नको असलेला ठराव एकमताने मंजूर होतो.

तेव्हापासून आमच्याकडे आधी चिठ्ठ्या, मग भाषणे. चिठ्ठ्या मोजल्यावर पुढारी बोलतो. टाळ्या कमी पडतात. पण पाठीशी नक्की किती माणसे आहेत, ते कळते. एकजूट म्हणजे एक आवाज खरा. पण तो आवाज आधी प्रत्येकाच्या गळ्यातून निघाला पाहिजे. माझा त्या दिवशी निघाला नाही. त्याची किंमत इतरांच्या चुलींनी मोजली.