लूत नव्हे, भिंतीतला चुना



कुत्र्याच्या कातडीवर व्याख्यान, आणि तेही वसंतातल्या संध्याकाळी, हे ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटले ते आम्ही पाहिले. परंतु जुन्नर-आंबेगावच्या मंडळींना कुत्र्याची थोरवी आम्ही काय सांगावी! उसात बिबट्या असतो आणि गोठ्याच्या तोंडाशी रात्र जागवतो तो कुत्रा. धनगराच्या वाड्यावरील कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा दिसतो, तो शोभेसाठी नसतो. असा हा राखणदार खाजवू लागला, त्याचे केस झडले, अंगाला दर्प येऊ लागला, की आपल्या तोंडून एकच शब्द निघतो: लूत. आणि लूत म्हटली की पुढचे ठरलेलेच. आधी जळके ऑईल, आणि त्याने भागले नाही तर हातात काठी.

आमचे म्हणणे असे, की या एका शब्दाने दोन अगदी निराळ्या व्याधी एकाच दावणीला बांधल्या आहेत. त्यांतली एक खरूज. ती सूक्ष्म किड्यापासून होते, बहुधा कानांच्या कडांवर आणि कोपरांवर आधी दिसते, एका कुत्र्याची दुसऱ्याला लागते आणि घरच्या माणसांनाही थोडीफार खाज सुटते. तिच्यावर पशुवैद्याजवळ हमखास औषध आहे. दुसरी व्याधी ॲलर्जीची. हा कुत्रा पंजे चाटत बसतो, तोंड जमिनीला घासतो. त्याचे कान आतून लाल होतात, काखा आणि जांघा काळवंडतात. हे बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. (शेपटीच्या बुडाशीच सारी खाज असेल तर मात्र आधी पिसवा शोधाव्यात.) घरातील धुळीतले जीव, गवताचे पराग, कधी एखादे अन्न, असे काहीही तिला निमित्त होते. पण ही व्याधी कोणाला लागत नाही. ती लागेल या भीतीने हाकलून दिलेला कुत्रा बिचारा फुकट घराला मुकतो.

आता प्रश्न असा, की तीच धूळ आणि तेच गवत चार कुत्र्यांच्या अंगाला लागते, मग एकच का खाजवतो? पूर्वी याचे उत्तर रक्तात शोधत असत. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांचे लक्ष कातडीच्या वरच्या पापुद्र्याकडे वळले आहे. हा पापुद्रा जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला चुना म्हणजे मेद. सेरामाइड नावाचे स्निग्ध द्रव्य, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे थरांवर थर तेथे बसलेले असतात. (कोलेस्टेरॉलचे नाव निघताच पुढच्या रांगेतील वडीलधारी मंडळी सावध झाली! कातडीत ते हवेच असते.) या चुन्यामुळे आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ बाहेर.

2001 साली अशा कुत्र्यांची कातडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सांध्यांतले हे थर विस्कटलेले आणि तुटक दिसले. 2009 साली दुसऱ्या संशोधकांनी सेरामाइडांचे मोजमाप केले, तेव्हा त्यांतले काही प्रकार निरोगी कुत्र्यांपेक्षा कमी भरले. महत्त्वाची गोष्ट ही, की मोजलेली कातडी खाजवून सोललेली नव्हती, वरून धडधाकट दिसणारी होती. तरीही चुना आधी ढासळतो आणि मग खाज येते, की आतल्या दाहाने चुना ढासळतो, हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या मते दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. फटीतून धूळ शिरते, खाज सुटते, नखांनी फट वाढते, आणि पावसाळ्याच्या दमटपणात जंतू व बुरशी तेथे घर करतात.

मेद आणि कातडी यांचे नाते उंदरांवरून कळले. 1929 साली अमेरिकेत जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदाचा अंशही नसलेले अन्न दिले. उंदरांची कातडी खवल्यांची झाली, शेपट्या कुजू लागल्या. लिनोलेइक आम्ल मिळताच ते सुधारले. हे आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही आणि चुन्यातल्या एका महत्त्वाच्या सेरामाइडाचा तो भागच असतो.

येथे कोणी म्हणेल, मग आमच्या कुत्र्याला भाकरीच मिळते, म्हणून तो खाजवतो. तसे नाही. बाजरीत सुमारे पाच टक्के मेद असतो आणि त्यात लिनोलेइक भरपूर असते. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू होते, ते या मेदामुळेच. ज्वारीचे तितके लवकर होत नाही, हे येथल्या भगिनींना आमच्याहून अधिक माहीत आहे. तेव्हा पुष्कळदा उणीव ताटात नसते. माल येऊन पडलेला असतो, गवंडी चुकत असतो.

म्हणून तेल पाजले की खाज गेली, असे आम्ही सांगणार नाही. करडईच्या तेलात लिनोलेइक विपुल, शेंगदाण्याच्या तेलात बरेच कमी. जवसात दुसऱ्या जातीचे, दाह शमवणाऱ्या कुळातले मेदाम्ल असते. पण त्याचे उपयुक्त रूपांतर कुत्र्याच्या शरीरात थोडेच होते. ते आयते मिळते समुद्री माशांच्या तेलात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साठ कुत्र्यांना बारा आठवडे मेदाम्ले दिली, तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या कमी लागल्या. तो फरकही आरंभी दिसला नाही, उत्तरार्धात दिसला. तात्पर्य, तेल औषधाच्या जोडीला असावे, औषधाच्या जागी नव्हे. मात्रा पशुवैद्याने कुत्र्याच्या वजनावरून ठरवावी. अति झाले तर हगवण लागते, आणि स्वादुपिंड सुजले तर जिवावर बेतते.

आणि ते जळके ऑईल! त्याने खपल्या मऊ पडतात, म्हणून लोकांना गुण वाटतो. पण त्यात इंजिनातल्या धातूंचे कण आणि जळण्यातून आलेली विषारी द्रव्ये असतात. कुत्रा अंग चाटतो आणि सारे पोटात जाते. कपड्यांच्या साबणाने त्याला घासणे हेही कमी घातक नाही. तो साबण उरलासुरला चुनाही धुऊन नेतो. आंघोळ घालायचीच तर कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या सौम्य साबणाने, कोमट पाण्याने घालावी.

कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर नवा व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि चुना नीट भरायला असे तीन-चार फेरे हवेत. आज चैत्रात तेल सुरू केले तर त्याचा गुण आषाढाच्या तोंडाला दिसेल, म्हणजे नेमका पाऊस लागतो तेव्हा.