मोकळी जागा आणि मोकळा वेळ

(स्थानिक स्वराज्य संस्थांचे पदाधिकारी, अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



शहराच्या कारभाराविषयी बोलताना आपण प्रथम पाण्याचा, मग रस्त्यांचा, मग गटारांचा आणि कचऱ्याचा विचार करतो. ते योग्यच आहे. उद्यान, क्रीडांगण, नाट्यगृह, उत्सव हे विषय बहुधा विषयपत्रिकेच्या शेवटी येतात आणि वेळ संपला म्हणून पुढच्या सभेवर ढकलले जातात. या क्रमामागे एक समजूत आहे. विरंगुळा ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे. ती उरल्यासुरल्या जागेत आणि उरल्यासुरल्या पैशांत भागवावी, अशी ती समजूत. तिच्याविषयीच आज मला बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांचा अनुभव आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

ही समजूत आपल्या कायद्याच्या इतिहासातही दिसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, याने महानगरपालिकेच्या कामांचे दोन भाग केले. एक आवश्यक कर्तव्यांचा, दुसरा ऐच्छिक कामांचा. उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांना त्याने ऐच्छिक कामांच्या यादीत जागा दिली. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मात्र दृष्टी पालटली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांमध्ये उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा स्पष्ट उल्लेख आला. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतही ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे विषय आहेत. तेव्हा हा विषय हौसेचा राहिलेला नाही. तो स्थानिक कारभाराचा भाग आहे.

आगगाडीच्या वेळापत्रकावरची शहरे

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. या शहरांचे पुढचे सारे जीवन त्या रुळांभोवती घडले. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेलेली होती. या लोकसंख्येतील फार मोठा भाग पहाटे घर सोडतो, गर्दीच्या लोकलने मुंबईकडे जातो आणि रात्री परततो.

या एका वस्तुस्थितीने विरंगुळ्याचा प्रश्न वेगळा होतो. सायंकाळी सात वाजता कुलूप लागणारे उद्यान हे साडेआठला घरी पोहोचणाऱ्या माणसासाठी अस्तित्वातच नसते. नगररचनेच्या नकाशावर ते हिरव्या रंगात दिसते, हिशेबात त्याचे क्षेत्रफळ धरले जाते, परंतु त्या कुटुंबाच्या आयुष्यात त्याला स्थान नसते. म्हणून माझे म्हणणे असे की, शहराला दोन गोष्टींचे नियोजन करावे लागते : मोकळ्या जागेचे आणि त्या जागेवरील वेळेचे. पहिले नियोजन आपण कमीअधिक करतो. दुसरे बहुधा करीतच नाही.

जागा : वेळीच राखली तरच मिळते

प्रथम जागेचा विचार करू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ प्रमाणे विकास योजनेत मोकळ्या जागा, क्रीडांगणे, हरित पट्टे यांसाठी जमिनी दाखविता येतात. यालाच आपण व्यवहारात आरक्षण म्हणतो. परंतु आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे. ते उद्यानाचे केवळ वचन असते. याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. यात मालकावर अन्याय होऊ नये हा हेतू आहे आणि तो रास्त आहे. परंतु परिणाम असा की, ज्या नगरपालिकेने दहा वर्षे पैशांची तरतूद केली नाही, तिच्या हातून मैदान कायमचे जाते. रस्ता पुढे रुंद करता येतो, जलवाहिनी बदलता येते. इमारतींनी भरलेल्या वस्तीत मैदान मात्र पुन्हा निर्माण करता येत नाही.

यावर काही उपाय कायद्याने दिले आहेत. जमिनीच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देता येतात. विकासकाकडून आरक्षित जागा विकसित करवून घेता येते. ठाण्यात कोलशेत येथे २०२४ मध्ये खुले झालेले सुमारे २० एकरांचे उद्यान एका खासगी विकासकाकडूनच विकसित झाले आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. मात्र ही १० टक्के जागा प्रायः संकुलाच्या भिंतीआड राहते. शेजारच्या चाळीतील मुलाला तिचा उपयोग नसतो. म्हणून खासगी मोकळी जागा वाढली की सार्वजनिक मैदानाची गरज कमी झाली, असा हिशेब कोणी मांडू नये.

विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावयाची असते आणि तिचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना देण्याचा हक्क असतो. ठाण्याची सुधारित प्रारूप योजना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा वेळी लोक आपल्या घरावर रस्त्याची रेषा आली आहे काय, एवढेच नकाशात पाहतात, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्या प्रभागातील क्रीडांगण नकाशावर कोठे आहे आणि ते कोठे हलविले आहे, हे पाहण्याचे काम शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी अंगावर घेतले पाहिजे. मुले हरकत नोंदवीत नाहीत. त्यांच्या वतीने ती कोणीतरी नोंदविली पाहिजे.

येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांना मी विशेष सांगेन. कल्याणच्या परिसरातील २७ गावे १९८३ मध्ये महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. वेगाने वाढणाऱ्या शहराच्या कडेला असलेल्या गावांचे भवितव्य असे बदलत असते. गावात मुले पिढ्यान्‌पिढ्या ज्या माळावर खेळत आली, तो माळ गावाच्या दप्तरी क्रीडांगण म्हणून नोंदलेला नसेल, तर शहर येते तेव्हा तो केवळ रिकामी जमीन ठरतो. ग्रामसभेचा ठराव आणि अभिलेखातील नोंद यांचे मोल अशा वेळी कळते.

तळ्याचा काठ

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, हा सार्वजनिक जागेचा उत्तम नमुना आहे. एका बाजूस कोपिनेश्वराचे मंदिर, जवळच १९७८ मध्ये सुरू झालेले राम गणेश गडकरी रंगायतन, पाण्यात नौकाविहार, काठावर फिरणारी वृद्ध माणसे आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या. येथे येण्यास तिकीट नाही आणि निमित्तही लागत नाही. पाचपाखाडीच्या कचराळी तलावाभोवती लोक सकाळ-सायंकाळ चालावयास येतात. शहराला मोठे उद्यान उभारण्यास जमीन मिळत नसेल, तर तळ्याचा काठ हेच त्याचे उद्यान होऊ शकते.

परंतु तेच तळे गणपती विसर्जनाचेही ठिकाण असते. प्लास्टरच्या मूर्ती, रंग आणि निर्माल्य यांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा ठाणे महानगरपालिकेने विसर्जनासाठी कृत्रिम तलाव बांधण्याची पद्धत स्वीकारली. उत्सव बंद केला नाही आणि तळेही सोडून दिले नाही. उत्सवाला दुसरी जागा करून दिली. सार्वजनिक कार्यक्रमांच्या नियोजनाचे मर्म यातच आहे.

वेळ : मैदानाचेही वेळापत्रक हवे

आता वेळेचा विचार. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात डिसेंबर २०१० मध्ये ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. डोंबिवलीच्या क्रीडा संकुलात फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे संमेलन झाले. शहराच्या दृष्टीने हे गौरवाचे प्रसंग होते. परंतु दोन्ही वेळा साहित्याला जागा दिली ती क्रीडांगणाने, हे ध्यानात घ्यावे. संमेलन काही वर्षांनी एकदा येते. प्रदर्शने, मेळावे, महोत्सव आणि सभा मात्र दरवर्षी येतात, आणि त्या बहुधा मैदान कोरडे असते अशा हिवाळ्यात येतात. खेळाचाही हंगाम तोच असतो. मांडव घालण्यास काही दिवस, कार्यक्रमास काही दिवस, मांडव काढण्यास आणखी काही दिवस. मग खड्डे, खिळे आणि खडी. सरावासाठी आलेला मुलगा परत जातो आणि काही दिवसांनी यावयाचेच सोडतो. त्याची तक्रार कोणत्याही नस्तीत नोंदली जात नाही.

क्रीडांगणाचा तात्पुरता अन्य वापर मर्यादित दिवसांसाठीच करता येतो, अशी तरतूद नगररचना अधिनियमाच्या कलम ३७-अ मध्ये आहे. तिच्या आधाराने प्रत्येक मैदानाचे वार्षिक वेळापत्रक आधीच ठरविणे शक्य आहे. कोणते दिवस खेळाचे, कोणते कार्यक्रमांचे, हे वर्षारंभी फलकावर लावावे. आयोजकांकडून मैदान पूर्ववत करण्यासाठी अनामत रक्कम घ्यावी आणि मैदान खरोखर पूर्ववत झाल्यावरच ती परत करावी. ज्या कार्यक्रमास नाट्यगृह पुरेसे आहे, त्याला मैदान देऊ नये. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणमध्ये आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर अशी सभागृहे यासाठीच उभी राहिली आहेत.

ध्वनीचाही प्रश्न याच वेळापत्रकाचा भाग आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास बंदी आहे. ठाण्यातील एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उत्सवांतील ध्वनी आणि रस्त्यांवरील मांडव यांविषयी सविस्तर निर्देश दिले. एकाचा विरंगुळा दुसऱ्याची झोपमोड होऊ नये, हे सांगण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे आपल्या नियोजनाला भूषणावह नाही.

कार्यक्रम लोकांचा, व्यवस्था संस्थेची

कार्यक्रम महानगरपालिकेनेच योजले पाहिजेत असे नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये नागरिकांनीच उभे केले. डोंबिवलीत श्रीगणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली; शहरातील अनेक संस्था आपापले चित्ररथ घेऊन तीत सामील होऊ लागल्या आणि ही प्रथा पुढे अन्य शहरांनी उचलली. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर जमणाऱ्या तरुणांना तर कोणी निमंत्रणही देत नाही. अशा वेळी प्रशासनाचे काम वेगळे असते : वाहतूक वळविणे, पाणी, प्रथमोपचार, स्वच्छतागृहे यांची सोय करणे आणि दुपारपर्यंत रस्ता स्वच्छ करणे. उत्साह लोकांचा असतो. त्याला सुरक्षित वाट करून देणे, एवढेच शासनाने करावे. पण ते नीट करावे.

याबरोबरच, जे येत नाहीत त्यांचाही शोध घेतला पाहिजे. दिवे नाहीत, स्वच्छतागृह नाही, म्हणून स्त्रिया उद्यानात येत नसतील. प्रवेशद्वारावरील लोखंडी अडथळ्यामुळे चाकांच्या खुर्चीतील व्यक्ती आत येऊ शकत नसेल. हे समजण्यासाठी मोठ्या पाहणीची गरज नाही. शाळेतील विद्यार्थ्यांच्या गटाने एक आठवडा सकाळी, दुपारी आणि रात्री उद्यानाच्या दाराशी उभे राहून किती मुले, किती स्त्रिया, किती वृद्ध आत गेले याची नोंद करावी. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ नाही. ती नोंद प्रभाग समितीपुढे ठेवावी आणि उद्यानाच्या वेळा तिच्या आधारे ठरवाव्यात. शाळांची मैदानेही शाळा सुटल्यावर परिसरातील मुलांना खुली करता येतील. मात्र राखणदाराचे वेतन आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा, हे आधी लेखी ठरले पाहिजे.

अखेरीस पैशांविषयी एक शब्द. उद्यानाचे उद्घाटन एकदा होते; माळी, पाणी, दिवे आणि झोपाळ्यांची दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षी येतो. नवे उद्यान मंजूर करतानाच त्याच्या पुढील पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात दाखवावी. तशी ती नसेल, तर आहे ते उद्यान दोन तास अधिक उघडे ठेवण्यावर तोच पैसा खर्च करावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्यासारख्या, जमीन संपत आलेल्या शहरांत, असलेल्या जागेचे तास वाढविणे हाच नवी जागा मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

दिवसभर कष्ट करून घरी येणाऱ्या माणसाला अर्धा तास मुलांसमवेत मोकळ्या हवेत घालविता यावा, ही फार मोठी मागणी नाही. ती पुरी करण्यासाठी कायदा आहे, योजना आहे आणि लोकांचा उत्साहही आहे. आपापल्या शहरातील आणि गावातील एक मैदान निवडून त्याची हद्द आणि त्याचे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी या वर्षी कागदावर आणाव्यात, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!